फॅक्ट-चेकपासून माहिती अधिकारापर्यंत: नागपूरकराच्या हाताशी असलेल्या सेवा कितपत कामाच्या?

निवडणूक असो की डिसेंबरातले हिवाळी अधिवेशन, नागपूरकराच्या मोबाइलवर येणारा राजकीय मजकूर तीन जातींचा असतो. पहिली जात फोटो-व्हिडिओची: ‘बघा, सभेला केवढी गर्दी’. दुसरी माणसाच्या पूर्वेतिहासाची: ‘याच्यावर इतके गुन्हे, पाच वर्षांत इस्टेट दहापट’. तिसरी कामाची आणि पैशाची: ‘साहेबांनी इतके कोटी आणले’, नाहीतर त्याचे उलटे, ‘एक रुपया आणला नाही’. तिन्हींची औषधे वेगळी आहेत, आणि बहुतेक लोक पहिलीचे औषध तिसरीला लावून बसतात. गर्दीचा फोटो जुना आहे का, हे फॅक्ट-चेकवाला दुपारपर्यंत सांगेल. प्रभागातल्या सिमेंट रस्त्याचे बिल किती निघाले, हे त्याला कधीच सांगता येणार नाही.

म्हणून इथे प्रत्येक सेवा चार कसोट्यांवर पाहिली आहे: मराठीत चालते का, किती दिवस घेते, किती पैसे लागतात, आणि शेवटी हातात कागद पडतो की नुसते कुणाचे तरी मत.

फॅक्ट-चेक संस्थांपासून सुरुवात. मराठीतून नियमित काम करणाऱ्यांत न्यूजचेकर आणि फॅक्ट क्रेसेंडो यांच्या मराठी आवृत्त्या आहेत. बूम आणि ऑल्ट न्यूज प्रामुख्याने इंग्रजी-हिंदीत लिहितात. दाव्यातले दोन नेमके शब्द आणि पुढे ‘फॅक्ट चेक’ असे मराठीत आणि मग हिंदीत शोधा, कारण आपल्याकडे फिरणाऱ्या क्लिपा बऱ्याचदा हिंदी पट्ट्यातून येतात आणि त्यांचा निकाल तिकडे आधीच लागलेला असतो. जुना फोटो नवा म्हणून फिरवणे, दुसऱ्या राज्यातला व्हिडिओ आपला म्हणून दाखवणे, वाहिनीच्या नावाची खोटी प्लेट बनवणे, एवढ्यात या संस्था पक्क्या आहेत. वॉर्डातल्या गोष्टीत त्यांना रस नसतो, आणि त्यात त्यांचा दोषही नाही.

वेगाचे मात्र खरे सांगायला हवे. १७ मार्च २०२५ ला संध्याकाळी धार्मिक मजकूर असलेली चादर जाळल्याची अफवा पसरली आणि त्याच रात्री महाल, हंसापुरीत दगडफेक-जाळपोळ झाली. तेवढ्या वेगाने धावणारी एकही टिपलाइन, म्हणजे संशयित मेसेज पाठवून विचारण्याचा नंबर, देशात नाही. अशा वेळी सेवा वापरायची नसते, बोट आवरायचे असते.

स्वतः फोटो तपासायचा तर गूगल लेन्स पुरते, पण लोक ते चुकीचे वापरतात. अख्खा स्क्रीनशॉट टाकला की लेन्स त्यावरचा मराठी मजकूर वाचत बसते आणि चित्र बाजूला राहते. आधी मजकुराची पट्टी, लोगो, वरखालच्या काळ्या कडा कापा. फक्त चित्र टाका. काही सापडले नाही तर चित्र आरशासारखे उलटे करून पुन्हा टाका, कारण पकड चुकवण्यासाठी असे उलटवलेले फोटो बरेच फिरतात. व्हिडिओसाठी संगणकावर इनव्हिड-वुईव्हेरिफाय हे ब्राउझरमध्ये बसणारे फुकट साधन क्लिपमधल्या मुख्य चौकटी वेगळ्या काढून देते; प्रत्येक चौकट स्वतंत्र शोधायची. भाषणाची कापलेली क्लिप असेल तर मूळ पूर्ण भाषण शोधा आणि कापलेल्या वाक्याच्या आधीचे आणि नंतरचे मिनिट ऐका. ‘विरोधक म्हणतात की…’ एवढे तीन शब्द कापले की विरोधकाचे वाक्य नेत्याच्याच तोंडी बसते. हा खेळ सगळेच पक्ष खेळतात.

व्हॉट्सॲपवरचा दुहेरी बाण एवढेच सांगतो की मेसेज किमान पाच हातांतून आला आहे. तो खोटा आहे, असे बाण म्हणत नाही. आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवल्याचा संशय असेल तर डीपफेक्स ॲनालिसिस युनिटची व्हॉट्सॲप सेवा मार्च २०२४ पासून आहे. सुरू झाली तेव्हा इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू एवढ्याच तिच्या भाषा होत्या, त्यामुळे मराठी क्लिपसोबत दोन ओळी हिंदीत लिहून पाठवलेल्या बऱ्या.

पीआयबी, म्हणजे केंद्राचे पत्र सूचना कार्यालय; त्याची पीआयबी फॅक्ट चेक ही २०१९ पासूनची सरकारी सेवा. तिचा आवाका केंद्र सरकारपुरता. खोट्या नोकरभरतीच्या जाहिराती, बनावट योजना यांसाठी उत्तम. सरकारवरच्या टीकेचा प्रश्न आला की मात्र ज्याच्यावर दावा त्याचाच निवाडा, असे होते. केंद्राच्या कामकाजाबद्दलचा मजकूर खोटा ठरवण्याचा कायदेशीर अधिकार सरकारी कक्षाला देणारी २०२३ ची नियमदुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवली. दोन न्यायमूर्तींत मतभेद झाल्यावर तिसरे, निर्णायक मत दिले ते न्या. अतुल चांदूरकर यांनी. त्यांच्या वकिलीचा मोठा काळ नागपूर खंडपीठात गेला. तेव्हा पीआयबीचा शिक्का हा खुलासा म्हणून वाचा, निकाल म्हणून नव्हे.

आता उमेदवाराचा पूर्वेतिहास. इथे सेवा खरोखर चांगली आहे आणि पूर्ण फुकट. निवडणूक आयोगाच्या शपथपत्र संकेतस्थळावर निवडणूक, राज्य, मतदारसंघ निवडला की नमुना २६ मधले शपथपत्र पीडीएफमध्ये उतरते. शहरातल्या सहा विधानसभा जागा वेगवेगळ्या आहेत. नागपूर दक्षिण आणि नागपूर दक्षिण-पश्चिम यांत गफलत करू नका, ती फार होते. एक उमेदवार चार अर्जांपर्यंत भरू शकतो, म्हणून एकाच नावापुढे तीन-चार फायली दिसतात. शेवटची तारीख असलेली उघडा, पण आधीच्याही जपून ठेवा, कारण त्यांच्यातला फरक कधीकधी बोलका असतो. स्कॅन तिरपे, हाताने लिहिलेले, शिक्क्याखाली आकडा लपलेला, हे सगळे गृहीत धरा.

वाचायला सोपे हवे असेल तर असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेचे मायनेता हे संकेतस्थळ तीच माहिती तक्त्यात देते. शोधायला मायनेता आणि खात्री करायला मूळ पीडीएफ, हा क्रम ठेवा. तक्ता माणसांनी भरलेला असतो; एका शून्याने लाखाचे दहा लाख होतात.

इस्टेट ‘दहापट’ झाल्याचा फॉरवर्ड तपासताना तीन गोष्टी बघायच्या. स्थावर मालमत्तेची खरेदीची किंमत आणि आजची बाजारभावाची किंमत असे दोन वेगळे रकाने असतात. फॉरवर्डवाला मागच्या वेळची खरेदी आणि या वेळचा बाजारभाव यांची जोडी लावतो. मिहान, वर्धा रोड, बेसा इकडची जमीन असेल तर काही न करताही आकडा फुगतो. दुसरे, पती-पत्नी, अवलंबित आणि हिंदू अविभक्त कुटुंब यांचे रकाने एका वर्षी मिळवलेले आणि दुसऱ्या वर्षी सोडलेले असतात. तिसरे, देणी वजा केली आहेत का. २०१९ पासून शपथपत्रात मागच्या पाच वर्षांचे आयकर विवरणातले उत्पन्नही द्यावे लागते. मालमत्तेतली वाढ त्याच्याशी ताडून पाहिली की खरा प्रश्न कुठे आहे ते दिसते. आणि कधीकधी तो खरोखर असतो.

गुन्ह्यांच्या बाबतीत ‘बारा गुन्हे’ या आकड्याला अर्थ नाही, कलमे वाचा. जमावबंदी मोडून केलेल्या आंदोलनाचे गुन्हे आणि फसवणुकीचे गुन्हे एकाच बेरजेत टाकले जातात. न्यायालयाने आरोप निश्चित केले आहेत की नाहीत, हा रकाना वेगळा असतो आणि तोच महत्त्वाचा. माहिती दडवली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२५-अ आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. नागपूरलाच त्याचे मोठे उदाहरण घडले. २०१४ च्या शपथपत्रात दोन प्रलंबित प्रकरणे नमूद केली नाहीत या तक्रारीवरचा देवेंद्र फडणवीस यांच्याविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ ला पुन्हा नागपूरच्या न्यायालयाकडे पाठवला, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये त्या न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. पहिले वाक्य एका बाजूला सोयीचे, दुसरे दुसऱ्या बाजूला. जो फॉरवर्ड यातले एकच सांगतो, तो खोटा नसूनही फसवतो.

नगरसेवकांची शपथपत्रे मात्र या संकेतस्थळावर शोधत बसू नका. महापालिका निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, कार्यालय वेगळे, संकेतस्थळ वेगळे. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीतल्या उमेदवाराची कागदपत्रे तिकडेच.

संसदेतल्या कामगिरीसाठी संसदेचे अधिकृत संकेतस्थळ आणि पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेची खासदारनिहाय पाने आहेत: हजेरी, प्रश्न, चर्चा, खासगी विधेयके. यात नागपूरकरांसाठी एक खड्डा खणूनच ठेवलेला आहे. मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाहीत, उत्तरे देतात. आणि हजेरीवहीत सही करण्याचे बंधनही त्यांना नाही. नितीन गडकरी २०१४ पासून खासदारही आहेत आणि केंद्रीय मंत्रीही. त्यामुळे ‘नागपूरच्या खासदाराने दहा वर्षांत शून्य प्रश्न विचारले’ हे वाक्य अक्षरशः खरे आणि अर्थाने निरर्थक. त्यांच्या खात्याने संसदेत दिलेली उत्तरे हा त्यांना तपासायचा खरा कागद. शेजारच्या रामटेकच्या खासदाराला मात्र प्रश्नांच्या आणि हजेरीच्या आकड्यांनी जोखता येते, कारण ते मंत्री नाहीत. पान उघडण्याआधी एवढे पाहिले की निम्मी भांडणे मिटतात.

फेसबुकवरच्या जाहिरातींसाठी मेटाची ॲड लायब्ररी चाळा. ‘नागपूरचा आवाज’ छापाच्या पानामागे पैसे कोणाचे, किती, हे राजकीय जाहिरातींपुरते दिसते. खर्च नेमका नसून ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असतो, आणि भौगोलिक तपशील राज्यापर्यंतच मिळतो. नागपूर वेगळे काढता येत नाही. पैसे देणाऱ्याच्या नावात काहीबाही लिहिलेले असले तरी तेच नाव आणखी कोणत्या पानांवर आहे ते शोधले की जाळे उलगडते. एवढ्यासाठी ही सेवा वापरण्यासारखी.

तक्रारीच्या सेवांबद्दल फार आशा ठेवू नये, पण मुदती पाठ असाव्यात. वृत्तवाहिनीवरच्या कार्यक्रमाबद्दल एनबीडीएसए या स्वनियामक मंडळाकडे जायचे तर आधी वाहिनीलाच लिहावे लागते, आणि तेही पहिल्या प्रसारणापासून सात दिवसांत. तारीख, वेळ, कार्यक्रमाचे नाव आणि नेमके वाक्य नसेल तर तक्रार तिथेच मरते. वाहिनी त्या मंडळाची सभासद आहे का, हेही आधीच पाहा. वृत्तपत्राबद्दल प्रेस कौन्सिल: आधी संपादकाला पत्र, मग दैनिक-साप्ताहिकासाठी दोन महिन्यांच्या आत तक्रार. कौन्सिल ताशेरे ओढू शकते, दंड करू शकत नाही; वाहिन्या आणि यूट्यूब तिच्या कक्षेतच नाहीत. निवडणुकीच्या काळात पेड न्यूजची तक्रार जिल्हास्तरीय माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीकडे करायची. निनावी पत्रक हाती पडले तर ते फेकू नका. मुद्रक-प्रकाशकाचे नाव नसणे हाच लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ खालचा गुन्हा आहे. आणि आचारसंहिताभंगाच्या तक्रारीचे निवडणूक आयोगाचे सी-व्हिजिल ॲप: शंभर मिनिटांत कारवाईचा दावा, पण फोटो ॲपमधूनच काढावा लागतो, गॅलरीतला चालत नाही, आणि आचारसंहिता संपली की ॲप शोभेचे.

राहिली तिसरी जात, काम आणि पैसा. इथे माहितीचा अधिकार, म्हणजे २००५ चा कायदा आणि दहा रुपये. या सगळ्या यादीत हातात शिक्क्याचा कागद देणारी सेवा हीच.

अर्जाआधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी: मंजूर, वितरित आणि खर्च हे तीन वेगळे शब्द आहेत. नागनदीचेच घ्या. शुद्धीकरण प्रकल्पासाठी २०२१ मध्ये सुमारे २,११७ कोटींचा आकडा आला, पुढे तो सुमारे १,९२७ कोटी झाला. दोन्ही ‘मंजूर’ या शब्दाचे आकडे. यातले किती हातात आले आणि किती खर्च झाले, हे प्रश्न त्या बॅनरवर नसतात. बॅनर नेहमी मंजुरीचा, टीका नेहमी खर्चाच्या आकड्यावर. दोघेही खरे बोलून एकमेकांना खोटे ठरवतात.

काम कोणाचे, हे दुसरे. नागपुरात एकाच चौकात मिळणारे चार रस्ते महापालिका, नागपूर सुधार प्रन्यास, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण अशा चौघांचे असू शकतात. अर्ज चुकीच्या ठिकाणी गेला तर कलम ६(३) खाली पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणे त्यांचे काम आहे, पण प्रत्यक्षात अर्ज तिथेच झोपतो. महापालिकेचा रस्ता असेल तर दहापैकी कोणता झोन, हे मालमत्ता कराच्या बिलावरून कळते. शिवाय एक मजेदार पडताळणी फुकटात होते: मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची निवडणूक होईपर्यंत कारभार प्रशासकाकडे होता. त्या काळातला रस्ता ‘माझ्या नगरसेवक निधीतून’ म्हणून कोणी सांगत असेल तर काहून विचारू नये की बा, तेव्हा नगरसेवक होते कोण?

अर्जाची भाषा हीच सगळी मेख. ‘रस्ता का खराब झाला, जबाबदार कोण’ असे विचारले की उत्तर येते: प्रश्नार्थक माहिती देय नाही. कायदा नोंदीतली माहिती देतो, कारणमीमांसा नाही. म्हणून कागदाचे नाव लिहून मागा: ‘अमुक चौक ते तमुक चौक या रस्त्याच्या १ एप्रिल २०२४ पासूनच्या कामाबाबत पुढील कागदपत्रांच्या प्रती द्याव्यात: प्रशासकीय मान्यतेचा आदेश, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, अदा केलेली देयके, गुणवत्ता चाचणी अहवाल, दोष दायित्व कालावधी नमूद असलेले करारातील पान.’ शेवटचे पान विसरू नका. दोष दायित्वाच्या काळात रस्ता उखडला तर दुरुस्ती कंत्राटदाराच्या खर्चाने. तिथे पुन्हा नवे ‘मंजूर’ कोटी दिसले तर बातमी तीच.

राज्याच्या नियमांत अर्ज १५० शब्दांपर्यंत आणि एकाच विषयाचा असावा लागतो. दोन रस्ते असतील तर दोन अर्ज करा, वीस रुपयांवरून हट्ट धरू नका. ऑनलाइन पोर्टलवर आपले कार्यालय यादीत असेल तर तेच बरे: नोंदणी क्रमांक लगेच मिळतो. यादीत नसेल तर जोडपत्र ‘अ’ हा अर्जाचा ठरलेला नमुना भरून कागदी अर्ज, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का. हा स्टॅम्प केंद्र सरकारच्या कार्यालयाला चालत नाही. तिथे पोस्टल ऑर्डर लावा. नागपुरात केंद्राची कार्यालये ढिगाने आहेत आणि अर्ज परत येण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

उत्तराची मुदत तीस दिवस. प्रतींचा दर पानाला दोन रुपये. पैसे भरण्याचे पत्र आले की ते भरेपर्यंत घड्याळ थांबते, म्हणून लगेच भरा. उत्तर नाही किंवा अर्धवट आले तर तीस दिवसांत पहिले अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प; त्याचा निर्णय तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत. पुढे नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे दुसरे अपील. ही सेवेची सगळ्यात कच्ची बाजू: तारीख लागेपर्यंत निवडणूक येऊन जाते. कायद्यात अधिकाऱ्याला दिवसाला २५० आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नये. आणखी एक अडचण नवी आहे. वैयक्तिक माहितीचे कलम ८(१)(जे) २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने बदलले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल लागू झाला. ‘वैयक्तिक माहिती’ एवढे दोन शब्द लिहून नकार देणे सोपे झाले. म्हणून माणसाबद्दल नव्हे, कामाबद्दल आणि पैशाबद्दल मागा, आणि नकार आलाच तर अपिलात व्यापक जनहिताचे कलम ८(२) लिहा. ते अजून शाबूत आहे.

तीस दिवस थांबायचे नसेल तर एक रस्ता फार थोड्यांना ठाऊक आहे. राज्य सरकारच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या निर्णयाप्रमाणे जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि महापालिकांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. काउंटरवर ‘असे काही नसते’ म्हणाले तर निर्णयाची छापील प्रत पुढे करा. तोंडी वाद घालून उपयोग नाही. कामाचे नाव, वर्ष आणि झोन चिठ्ठीवर लिहून न्या, नाहीतर दोन तास फाइल शोधण्यातच जातात. फाइल हाती आली की आधी टिपणीची पाने वाचा, खरी हकीकत तिथे असते. मग मोजमाप पुस्तिका, मग देयके. मोबाइलने फोटो काढण्यावरून खटके उडतात, त्यात वेळ घालवू नका. हव्या त्या पानांचे क्रमांक पेन्सिलने टिपा आणि तेवढ्याच पानांच्या साक्षांकित प्रतींचा अर्ज त्याच टेबलावर, पाच वाजायच्या आत द्या.